वकिलाला घर पाहिजे

७ जानेवारी, रविवार

आजपासून कुत्र्यांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक झालो. दर रविवारी, शिवाय मधल्या वारी जमेल तशी संध्याकाळ. हेतू आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. एक, सेवा. दोन, घराबाहेर पडणे. तीन, माणसांशी बोलण्याची सवय. कुत्र्यांचा लळा हा हेतूंमध्ये नाही.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पिंजरे धुणारे मामा मला बघून म्हणाले, जावई आले. संध्याकाळपर्यंत सगळे जावईबापू म्हणू लागले. सगळे म्हणजे मामा, आणि निवारा चालवणाऱ्या बाई. बाई पूर्वी शाळेत पी.टी. शिकवायच्या. गळ्यात अजून शिट्टी आहे आणि ती त्या माणसांसाठी वापरतात.

मी छापखान्यात टायपिंग करतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, पण शुद्धलेखन सोडले नाही. निवाऱ्याच्या पाटीवर दोन चुका आहेत. त्या बाईंना दाखवल्या. त्यांनी मला बादली दिली.

१४ जानेवारी, रविवार

कंबर अजून धरलेली आहे. हे स्नायू बळकट होत असल्याचे लक्षण असावे.

रविवारी दुपारी भेटीची वेळ असते. लोक येऊन अंगणातल्या बाकावर बसतात, आम्ही एकेक कुत्रा पट्ट्याने आणून दाखवतो. पसंत पडला तर नेतात. बहुतेकांना पिल्लू हवे असते. तेही पांढरे, केस न गळणारे, न भुंकणारे आणि चोराला पकडणारे.

बाईंनी आज सगळ्यांना एकत्र बोलावले. जागेचा मालक अर्धी जागा परत मागतो आहे. मार्चअखेर रिकामी करायची. तोवर ज्यांना घर मिळणार नाही ते शहराबाहेरच्या मोठ्या निवाऱ्यात जातील. तिथे मारत नाहीत, खायलाही देतात. पण तिथे कुत्रे बघायला कोणी फिरकत नाही. मामा म्हणाले, तिथे गेलेला तिथलाच.

प्रत्येकाने एकेक कुत्रा वाटून घेतला. त्याला घर मिळवून देणे ही ज्याची त्याची जबाबदारी. माझ्या वाट्याला वकील आला. काळा, गळ्याखाली पांढरा पट्टा, म्हणून वकील. वय झालेले. मी पिंजऱ्यासमोर उभा राहिल्यावर तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी तरीही स्वतःची ओळख करून दिली.

अंदाज: या महिन्यातच घर मिळेल. फार तर फेब्रुवारीचा पहिला रविवार.

२१ जानेवारी, रविवार

मोबाईलवर एका प्रशिक्षकाचे व्हिडिओ पाहिले. त्यातून पद्धत निवडली. अनोळखी माणूस समोर आला की कुत्र्याने अंगावर धावायचे नाही, पळायचे नाही, सांभाळणाऱ्याच्या पायामागे जाऊन शांत बसायचे. यामुळे लोकांवर छाप पडेल. शिस्तीचा कुत्रा कोणाला नको असतो?

मामांना अनोळखी माणूस व्हायला सांगितले. ते टोपी फिरवून घालून तीनदा आत आले. वकिलाने तिन्ही वेळा त्यांचे हात चाटले. मामा म्हणाले, जावईबापू, मी याला रोज जेवायला घालतो, मी कुठून अनोळखी होऊ?

बिस्किटे संपली. थकलो.

२५ जानेवारी, गुरुवार

जमले. पोस्टमन आला, आणि वकील सरळ माझ्या डाव्या पायामागे जाऊन बसला. मी इशाराही केला नव्हता. नंतर त्याने हनुवटी माझ्या बुटावर टेकली आणि डोळे मिटले. पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. शिक्षणात खंड पडू नये म्हणून.

बूट आज पुसले नाहीत. उद्या पुसेन.

२८ जानेवारी, रविवार

पहिले लोक आले. नवरा-बायको, दोघेही दवाखान्यात कामाला. बाईंची शिट्टी वाजली, मी वकिलाला अंगणात आणले. त्यांना बघताच तो माझ्या मागे बसला. अगदी शिकवल्याप्रमाणे.

नवरा म्हणाला, जरा बघू दे. तो डावीकडून वळला. वकील उजवीकडे सरकला. मग बायको उजवीकडून आली. मी मदत म्हणून बाजूला झालो, तर वकीलही माझ्याबरोबर बाजूला झाला. असे आम्ही चौघे अंगणभर गोल फिरलो. शेवटी ती म्हणाली की कुत्रा चांगलाच असेल, पण आम्हाला फक्त शेपटी दिसली. त्यांनी एक पांढरे पिल्लू नेले.

माणसे उथळ होती. बरे झाले.

४ फेब्रुवारी, रविवार

एक निवृत्त शिक्षक आले. एकटेच राहतात, बोलायला कोणी नाही म्हणून कुत्रा हवा. मी नियमाप्रमाणे चौकशी केली. दुपारी झोपता का, तेव्हा कुत्र्याकडे कोण बघणार, तुमचे पाय दुखतात का, जिने किती, तुम्ही आजारी पडलात तर? गुरुजी म्हणाले, अरे, मी कुत्रा न्यायला आलोय की नोकरीला? आणि काठी टेकत निघून गेले.

 चौकशी ऐकून बाई शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक करण्याची त्यांची ही पद्धत आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा खोकला वाढला आहे. हवा बदलते आहे. ताई म्हणाली, हवा नाही, तुझे कपडे. तू आत आलास की दहा मिनिटांत आईला धाप लागते. ताईला प्रत्येक गोष्टीत माझा हात दिसतो. आईचा दमा माझ्या जन्माच्या आधीपासून आहे.

तरी काळजी म्हणून आता जिन्यातच शर्ट बदलतो. आज खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बनियनवर पाहिले आणि दार लावून घेतले.

११ फेब्रुवारी, रविवार

आज कोणी वकिलाला बघितलेच नाही. लोक गेल्यावर बाईंनी मला बाकावर बसवले. त्या काय म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहितो.

"बाळा, तो कुत्रा लोकांकडे बघतच नाही. तो तुझ्याकडे बघतो. आणि तू त्याच्याकडे. बाकीचे आम्ही मधे उगाच उभे असतो. पुढच्या रविवारी येऊ नकोस."

म्हणजे सक्तीची विश्रांती. कामाचा ताण त्यांच्याही लक्षात आलेला दिसतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

विश्रांती घेतली. जेवण, पेपर, वामकुक्षी असा बेत होता. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला निघालो आणि निवाऱ्यासमोरच्या रस्त्यावर निघालो, हा योगायोग. एक टेम्पो उभा होता, त्याच्या मागे थांबलो. ऊन होते.

अंगणात दोन कुटुंबे होती. मामांनी वकिलाला आणले. तो हवेत नाक वर करून उभा राहिला, मग सगळ्यांकडे पाठ केली आणि फाटकाकडे, म्हणजे टेम्पोकडे, तोंड करून बसला. मामांनी ओढले, बाईंनी शिट्टी वाजवली, एका लहान मुलाने पुढे बिस्कीट धरले. वकील हलला नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत.

तेवढ्यात टेम्पोवाला आला आणि टेम्पो घेऊन गेला. मी तिथेच उभा. बाईंनी मला पाहिले. शिट्टी वाजवली नाही. वाजवली असती तर बरे झाले असते.

वाऱ्याची दिशा आधी पाहायला हवी होती. एवढीच चूक.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सरळ उपाय सुचला. इतके दिवस कसा सुचला नाही? वकिलाला घरीच आणायचे. गॅलरीत राहील. गॅलरीत कपडे वाळत असतात, ते आत वाळतील. बाबांसमोर विषय काढला. बाबा पेपर खाली न घेता म्हणाले की या घरात पंख्याच्या आवाजाने दचकणारा एक जण आधीच आहे, दुसरा नको.

हा नकार नाही. हा विनोद आहे. विनोद करणारा माणूस निम्मा तयार असतो.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी निवाऱ्यातून आलो. घाईत शर्ट बदलायचा राहिला. आईने ताट वाढता वाढता ओट्याला धरले. ओठ निळसर झाले. बाबांनी तिला उचलूनच रिक्षात बसवले, ताई आणि मी दम्याचा पंप घेऊन मागे धावलो. डॉक्टरांनी वाफ दिली आणि विचारले, घरात एखादा प्राणी आहे का? बाबा नाही म्हणाले. मीही नाही म्हटले. ते खरेच होते. ताई माझ्या बाहीवरचा काळा केस उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

परत येताना आईने माझा हात धरला होता. म्हणाली, "तुझा तो वकील कसा आहे?" तिला नाव कोणी सांगितले माहीत नाही. मी झोपेत बोलतो म्हणे.

गॅलरीचा विचार तूर्त पुढे ढकलला आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

ढकलला नाही. सोडला. गॅलरी तशीही दक्षिणेकडे आहे, ऊन फार येते. कुत्र्याला बाधले असते.

३ मार्च, रविवार

बाईंकडे जाऊन विचारले की मी काय करू. त्यांनी सांगितले, शिकवलेले विसरायला लाव. लोक आले की तू चालू लाग. तो मागे येईल, तू थांबायचे नाही, वळायचे नाही, पायामागे बसायला पायच द्यायचा नाही.

दिवसभर चाललो. वकील मागे. फाटकापर्यंत, टाकीपर्यंत, परत. मामा म्हणाले, जावईबापू, लग्न मोडायला निघालात की काय? संध्याकाळी वकील मधेच बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी वळलो नाही. वळलो नाही तर दिसले कसे, असे कोणी विचारेल. टाकीला चकचकीत पत्रा आहे.

पाय सुजले आहेत. जेवलो नाही.

१० मार्च, रविवार

मुलांना शाळेत सोडणारा एक व्हॅनवाला आला होता, मुलीला घेऊन. शर्टाची दोन बटणे उघडी, तोंडात बडीशेप. मुलीचे गुडघे खरचटलेले. असल्या घरात शिस्त कसली असणार? मी चौकशी करायला पुढे झालो, तर बाईंनी शिट्टी वाजवली. माझ्यावर. मी चालू लागलो.

वकील मागे आला. मी चालत राहिलो. टाकीपाशी पोहोचलो तेव्हा पायांचा आवाज येईना. पत्र्यात पाहिले. ती मुलगी मातीत मांडी घालून बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, आणि स्वतःच बिस्कीट खात होती. त्याला विचारतही नव्हती. वकील माझ्याकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मग तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

व्हॅनवाला म्हणाला, हाच द्या. अजून बघायचे नाहीत का, असे मी विचारले. तो म्हणाला, आता काय बघायचंय, ठरवलं त्या दोघांनी.

पद्धत यशस्वी. थोडा उशीर झाला, पण यशस्वी.

१७ मार्च, रविवार

आज न्यायला आले. वकील व्हॅनमध्ये चढेना. चारही पाय रोवले. मामांनी उचलायचा प्रयत्न केला, जमले नाही. मग बाईंनी मला बोलावले. अशा वेळी करायची एक रीत आहे म्हणाल्या. ज्याच्यावर विश्वास आहे त्याने आधी चढायचे, कुत्रा मागे चढतो, मग त्याने पलीकडच्या दाराने उतरायचे.

मी चढलो. वकील लगेच चढला आणि माझ्या शेजारी बसला, जणू आम्ही दोघेच कुठे निघालो आहोत. त्याचा कान नीट केला. बाईंनी पलीकडचे दार उघडले. मी उतरलो. दार लागले. व्हॅनवाल्याने निघताना हात केला. मी पट्ट्याबद्दल सूचना देणार होतो, त्या राहून गेल्या.

काम फत्ते. ठरलेल्या मुदतीच्या आत. मामांनी चहा आणला आणि आज मला जावईबापू म्हटले नाही. का कोणास ठाऊक.

२४ मार्च, रविवार

गेलो नाही. बरे नव्हते. नेमके काय ते सांगता येत नाही. आईला मात्र आठवडाभर चांगली झोप लागली आहे.

३१ मार्च, रविवार

कुत्रा दिल्यावर थोड्या दिवसांनी कोणीतरी त्या घरी जाऊन पाहणी करायची असते. बाई मामांना पाठवणार होत्या. मी स्वतःहून मागून घेतली. पूर्णपणे तटस्थपणे पाहायचे ठरवले होते. घर अयोग्य निघाले तर काय, म्हणून पिशवीत एक पट्टा ठेवला. असा नियम नाही, पण असायला हवा.

दुसरा मजला. जिन्यात असतानाच आतून भुंकणे ऐकू आले. दार व्हॅनवाल्याच्या बायकोने उघडले. तिने मला पूर्वी पाहिलेले नाही. काही विकायला आलोय असे तिला वाटले. तिच्या मागून वकील आला, तिच्या आणि माझ्या मधे उभा राहिला आणि भुंकू लागला. अंगावरचे केस उभे. मी नाव घेतले. त्यांनी नाव बदलले आहे. मी खाली बसलो, हात पुढे केला. तो अधिकच भुंकला.

तिने त्याला गळ्याशी धरले. म्हणाली, "घाबरू नका हो भाऊ. घरच्यांना काही करत नाही तो."

आता विचार केल्यावर कारणे दिसतात. जिन्यात अंधार होता. डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात साबण नवा आहे, त्यामुळे वास बदलला. शिवाय मी बसलो होतो, आणि त्याने मला बहुतेक उभे पाहिलेले आहे.

घरात पाण्याचे भांडे भरलेले होते. खाटेखाली त्याच्यासाठी जुनी गोधडी. वजन वाढले आहे. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. तिच्या चपला दारात होत्या आणि त्यातली एक चावलेली होती. पट्टा पिशवीतून काढला नाही.

खाली येऊन बाईंना फोन केला. कुत्रा सावध आहे, तब्येत सुधारली आहे, घर योग्य आहे, असे सांगितले. त्यांनी विचारले, ओळखलं का तुला?

मी म्हटले, घर योग्य आहे.