मुख्य कार्यालय, पुणे

पोलोग्राउंड, इंदूर
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय पंचशील,

सप्रेम नमस्कार. तू जूनमध्ये गेलास, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. तुझा पुण्याचा पत्ता दगडूकाकांकडून घेतला. कागदावर लिहून देताना म्हणाले, "आशिषजी, लिहा हो, त्याला तुमची याद येत असेल." मी मान हलवली.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. काका अजून रोज आपल्या शेडचं शटर उघडायला येतात. त्यांची मिल बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी भोंग्याच्या टायमालाच हजर. आल्यागेल्याला सांगतात, "दवावाल्या कंपनीचा प्रोग्राम आमच्या पंचशीलने बनवला." लाईट पहिल्यासारखीच जाते. निधी आता तू शिकवलेलं सगळं एकटी सांभाळते.

गेल्या महिन्यात तुकोगंजला उद्योगवाल्यांची सभा झाली, मला भाषणाला बोलावलं. मी ठोकून दिलं की कापडाच्या मिली गेल्या तर जाऊ द्या, आता इंदूरची पोरं इंदूरमध्येच बसून सॉफ्टवेअर बनवतील. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. नंतर मी तिथे कार्डं वाटली. त्यांच्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, मुख्य कार्यालय, पुणे. कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

ते छापताना तू किती भांडला होतास. शेड इथे, माणसं इथे, मग पुणे कशाला? मी म्हणालो, भिया, इंदूरचं नाव वाचून लोक नमकीन मागवतात, प्रोग्राम नाही. मग सुनंदामावशीचा पुण्यातला फ्लॅट आपलं मुख्य कार्यालय झाला. मुंबईचा फोन आला की मावशी सांगायची, "साहेब मीटिंगमध्ये आहेत," आणि मागे कुकरची शिट्टी. तेव्हा तूही हसायचास.

आता मुद्दा. औषध कंपनीनं काम काढून घेतलं. मुंबईच्या साहेबांचं पत्र आलं, की पुढचं सगळं पुण्यातच करून घेऊ, इंदूरच्या शाखेची गरज दिसत नाही. पुढे लिहिलंय, पुण्याची एक कंपनी मिळाली आहे. तिथल्या एका इंजिनियरला आमच्या गोदामांची इतकी माहिती, की आम्ही थक्क झालो. अशी माणसं छोट्या शहरात मिळत नाहीत. पुढे तुझं नाव.

त्यांनी तुला ओळखलं नाही, पंचशील. सहा महिन्यांपूर्वी याच साहेबांच्या समोर तू या शेडमध्ये बसला होतास.

तीन पानं झाली, त्या दिवसाचं लिहायचं टाळतोय. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, हे बनवलं कुणी? मी म्हणालो, आमची पुण्याची टीम. मग हे दोघं कोण? जोशींच्या देवेंद्रला मी इंजिनियर म्हणालो. त्याला फ्लॉपी सरळ घालता येत नाही. तुझ्याकडे बोट करून म्हणालो, हा इथला ऑपरेटर. साहेबांनी न बघता चहाचा रिकामा कप तुझ्या हातात दिला. तू घेतलास. दगडूकाका दारात उभे होते. इंग्रजी त्यांना कळलं नसेल, पण कप दिसला. ते आत आले, तुझ्या हातातून तो घेतला आणि धुवायला घेऊन गेले.

सहा महिने स्वतःला सांगत आलो, धंद्याची मजबुरी होती. खोटं तर बोलायचंच होतं. पण बोट देवेंद्रकडे का गेलं नाही? घरी आम्ही फार सांगतो की आमच्यात जातपात मानत नाहीत. माझं बोट विचार न करता तुझ्याकडे गेलं. तुला त्याच क्षणी समजलं, म्हणून तू भांडलाही नाहीस. कार्डासाठी आठ दिवस भांडणारा तू, पुढच्याच महिन्यात पुण्याला निघून गेलास.

काल साहेबांना रजिस्टर पोस्टानं पत्र टाकलं. पुण्याला काही नव्हतं, प्रोग्राम पंचशीलचा आहे, आणि ज्याच्या हातात तुम्ही कप दिला तो हाच. काम परत येणार नाही. एक तारखेला शेड बंद. सातही जणांना सांगून झालं, दगडूकाकांना सांगायची हिंमत होत नाही. एकदा मिलचा बंद दरवाजा बघितलाय त्यांनी. तुला मी दोष देत नाही, ते काम तुझंच होतं.

एक राहिलं. निधीनं तुमच्याच कंपनीला अर्ज केलाय. पत्ता टाकला पुण्याच्या मामांचा. मी विचारलं तर म्हणते, "सर, जुनी इंदूर मोहल्ला वाचून कोण बोलावणार?" माझ्याकडून ती एवढंच शिकली. तिला बोलावलंस तर आधी विचार, घर कुठे आहे.

वरचं छापलेलं मुख्य कार्यालय खोडायचं राहिलं. उरलेले सगळे कागद असेच आहेत.

आशिष
ऑपरेटर, इंदूर