अंबूच्या ताटातला पहिला घास

पलूस,
१९ जानेवारी २०२५

अंबूबाई यांस,
संयोगिताचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल, शिरवळच्या त्या निवासात थंडी बरीच पडली असेल, गोळ्या वेळेवर चालू असतील, असं धरून चालते. इकडं आम्ही सगळी ठीक आहोत. बागेत द्राक्षाचा माल भरलाय, त्यामुळं माझे मालक नानासो दिवसभर तिकडंच. मुलगा यशराज पुण्याला नोकरीला लागला. आई माझ्याकडंच असते, हे तुम्हाला कळलं असेलच. तिच्याबद्दलचं सगळं तुम्हाला माझ्या आधी कळतं, ही काही नवी गोष्ट नाही.

फोन करता आला असता. तुमच्या तिथल्या मॅडमनी नंबर दिलाय. पण तुमचा आवाज ऐकला की मी काहीबाही बोलून बसेन, म्हणून लिहिते. वाचून दाखवायला कुणी लागणार नाही. बाराखडी तुम्हाला माझ्या आईनंच शिकवली, आणि तीही माझ्या पाटीवर. पाटी कुठं गेली म्हणून मी घरभर शोधत होते.

आधी पुस्तकाचं बोलते. आई नोकरीला होती त्या दवाखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून त्यांनी इतिहास छापलाय. एक प्रत आईच्या नावानं आली. चांगलं जाडजूड आहे. इंग्रजांनी बांधलेल्या दगडी बराकी, भिंतीतल्या साखळ्यांच्या कड्या, त्या कधी उपटून काढल्या, पागलखान्याचं मेंटल हॉस्पिटल कधी झालं आणि मेंटल हॉस्पिटलचं मनोरुग्णालय कधी, हातमाग कुणी आणले, वांग्याचा मळा कुणी लावला, सगळं आहे. नवा कायदा आल्यावर तुमच्यासारख्या बऱ्या झालेल्यांना बाहेर काढून शिरवळसारख्या निवासात कसं ठेवलं, तेही आहे. मला हसूच आलं. नाव कितीदा बदला, पलूसला येणारे पाहुणे अजून विचारतात, "तुमच्या आई त्या येड्यांच्या दवाखान्यात हुत्या न्हवं?"

आणि मग 'बायकांचा वॉर्ड' हे प्रकरण. त्यात तुम्ही! मागापाशी आईला चिकटून बसलाय, फोटोत दात काढून हसताय. खाली तुमचे शब्द: "बनुबाई हीच माझी आई. तिनं माझ्या ताटातला पहिला घास खाल्ला म्हणून मी जगले." आणि माझ्याबद्दल काय? "बनुबाईंना एक मुलगी आहे." संपलं. एक मुलगी आहे! एक शेळी आहे, एक सायकल आहे, तशी एक मुलगी आहे.

पुस्तक मी भिरकावून दिलं. नानासो म्हणाले, "अगं, साठी उलटलेल्या बाईवर जळतीस व्हय? शोभतं का तुला?"

"जळते," म्हटलं. "काय म्हणणं हाय?"

"आमचं काय बी न्हाई," म्हणाले आणि चप्पल घालून बागेत निघून गेले.

तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी चौथीत होते. आटपाडीकडून तुमचा भाऊ तुम्हाला घेऊन आला. मेंढरं वाटेत कुणाच्या तरी भरवशावर ठेवली होती म्हणे. "म्हयन्यानं नेतो" म्हणून जो गेला तो गेला. तुम्हाला वाटायचं जेवणात विष घातलंय. ताटाला हात लावत नव्हता. असं कुणी केलं की नाकातून नळी घालायची, ही तेव्हाची तिथली रीत. आई वॉर्डात अटेंडंट, नळी घालताना हातपाय धरायचं काम तिच्याकडं. तिला ते बघवेना. तिनं तुमच्यापुढं मांडी घातली, तुमच्याच ताटातली भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. "बघ, मेले का मी? आता तू खा." मग तुम्ही खाल्लंत.

चांगलं झालं. कुणाचं पोट भरलं तर वाईट वाटून घेण्याइतकी मी कोत्या मनाची नाही. पण ते एका दिवसावर राहिलं का? वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही बऱ्या झालात, माग चालवायला लागलात, सतरंज्या विणायला लागलात, तरी आईनं पहिला घास घेतल्याशिवाय तुमचा घास उतरायचा नाही. आई रिटायर झाली तेव्हा तुम्ही पुन्हा जेवण सोडलंत. मग तिनं नव्या बाईला बसवून ती रीत शिकवली. पुढं सगळ्या वॉर्डात तसंच चालू झालं आणि नळ्या कमी झाल्या, असं पुस्तकात लय कौतुकानं लिहिलंय.

त्यात जे नाही ते मी सांगते. वडील फौजेत, क्वार्टरमध्ये मी एकटी. शाळा सुटली की दारात बसून आईची वाट बघायचे. भाकरी झाकून ठेवलेली असायची, पोटात कावळे ओरडायचे, पण ती आल्याशिवाय मी जेवायची नाही. आणि ती यायची तुमच्या ताटातलं खाऊन. "माजं झालंय गं, तू बस," म्हणायची आणि साडी बदलायला आत जायची. मला शेजारी ताट घेऊन बसलेली आई पाहिजे होती, दुसरं काय मागत होते मी? एकदा मीसुद्धा म्हणाले, "माझ्या जेवणात विष हाय." आईनं पाठीत असा धपाटा घातला की बस्स. तुम्हाला घास आणि मला धपाटा!

आता जे लिहायचं ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

आई विसरायला लागलीय. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, औषधानं वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. दिवाळीपासून ती मला ओळखत नाही. "आवं सिस्टर" म्हणते. पोटच्या पोरीला आवं-जावं! त्यातच तिनं जेवण सोडलं. घास पुढं केला की तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, रडूनही बघितलं. हातापायाच्या नुसत्या काड्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी नळी घालायचा विषय काढला. नळी, आणि माझ्या आईला!

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "नगं ना तुला? मग मीच खाते," म्हटलं आणि तिच्या ताटातला घास तिच्यासमोर तोंडात कोंबला. आई टक लावून बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू! "आंबू! खाल्लंस का गं बाई? ग्वाड लागलं न्हवं?" असं म्हणत तिनं स्वतःही भाकरी मोडली.

आणि मी काय म्हणाले असेन? "व्हय, मी आंबूच."

तेव्हापासून दोन्ही वेळा मी तुमचं नाव लावून जेवते. आई खाते. गालावर जरा मांस चढलंय. नानासो म्हणतात, "जेवतीया न्हवं? मग झालं की." त्यांना काय जातंय बोलायला? घर माझं, चूल माझी, भाकरी माझ्या हातची, आणि आईच्या पुढ्यात बसून जेवतंय कोण, तर अंबू! तुम्ही तिकडं शिरवळला बसूनसुद्धा माझी जागा घेतलीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला कळूही दिलं नसतं. गेल्या आठवड्यात जेवताना आई घाई करायला लागली. "आंबू, आवर की गं बिगीबिगी. माजी संयू दारात बसली आसंल. म्या गेल्याबगार त्या पोरीच्या पोटात अन्न जायाचं न्हाई. लय हट्टी हाय. तू जेवलीस म्हंजी मी सुटले."

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "लय लाडकी दिसतीया संयू."

"तर गं! तिचं सांगून सांगून तुजं कान किटलं आसतील."

खरं आहे का हे, अंबूबाई? तुमच्या ताटापाशी बसून ती माझंच बोलायची? मग मला तर याचाही राग येतो. मला कधी एका शब्दानं म्हणाली नाही, लाडकी म्हणून. ते सगळं तुम्ही ऐकलंत. माझ्या वाटणीची मायासुद्धा तुमच्याच कानात पडली.

जेवण झालं तशी ती उठली. "जाते मी घरला," म्हणत भिंत धरून दाराशी गेली. दारात कोण असणार? संयू आत ताटावर बसलेली, अंबू होऊन. आईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, "कुठं गेली गं माजी पोर उपाशीपोटी?" म्हणाली आणि उंबऱ्यात बसून रडायला लागली. मी धावत गेले, म्हटलं, "आई, मी हाय की, मी संयू." तिनं माझा हात झटकला. "तू आंबू हायस. मला फशीवतीस व्हय?"

तेव्हापासून रोज हेच. मी अंबू झाले नाही तर ती जेवत नाही, आणि झाले तर जेवून उठून मला शोधत रडते. मी एकटी दोन्हीकडं कशी पुरणार?

म्हणून तुम्ही या. येत्या रविवारी नानासो गाडी घेऊन शिरवळला येतील, मॅडमशी ते बोललेत. चार कपडे जास्त घ्या, राहायच्या तयारीनं या. मी तुमच्यावर जळते, तुम्ही आल्यावरही जळेन. तोंडातून एखादा शब्द वाकडा गेला तर मनावर घेऊ नका. घेतलात तरी मला त्याचं काही नाही. पण आईच्या ताटापाशी तुम्ही बसा, पहिला घास तुम्ही खा. ती तुमच्या तोंडावरून हात फिरवेल, ते मी बघणार नाही. मी बाहेर दारात बसलेली असेन, पिकल्या केसांची का होईना. तुमचं जेवण झालं की ती मला शोधत येईल. ओळखेल की नाही देव जाणे, पण दार रिकामं तर नसेल.

तुमच्याकडं जन्मात पहिल्यांदा काही मागते. जेवताना रेंगाळू नका.

आईची वाट बघणारी, अजून न जेवलेली,
संयू