आपला बॉक्स यादीत नाही

३ ऑक्टो.
काल दसरा. पूजा यंदा मलाच करावी लागली. इतकी वर्षं नंदा करायची, मी फक्त आरतीला उभा. शिलाई मशीन, विळी, स्कूटर, टीव्ही, त्याच्याखालचा डिशचा बॉक्स, सगळ्यांना हळदकुंकू-अक्षता. पं. समितीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. इथे काय राहून जाणार!
संध्याकाळी नंदाच्या हातून रिमोट पडला. पडला की तिने आपटला, कोण जाणे. मी आत चहा टाकत होतो. झाकण एकीकडे, सेल कॉटखाली. तेव्हापासून बॉक्स ढिम्म.

४ ऑक्टो.
सेल बदलले. नाही. झाकण, स्प्रिंग, सगळं पुसलं. नाही.
नंदाला नको ते बोललो. 'एक वस्तू देतो हातात, तीही धरता येत नाही तुला.' बायको जुलैपासून पडून आहे. झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात, त्यातही जुन्या संधिवाताने अंगठा तेवढा कामाचा. फिजिओ म्हणालेले, रिमोट काकूंनाच दाबू द्या, तोच व्यायाम. दोन महिन्यांत स्वतःच्या स्वतः चॅनल बदलायला लागली होती. आणि मी हे बोललो.
रागारागात रिमोट घंटागाडीत टाकून दिला.

५ ऑक्टो., रवि.
बाजारात रफीकभाईच्या दुकानात गेलो. 'काका, तुमच्या डब्ब्याचा रिमोट आता येऊनच नाई राह्यला. हा घ्या, युनिव्हर्सल. साऱ्या डब्ब्यांले चालते, कोड तेवढा टाका लागते.' सोबत घडी घातलेला कागद, मुंगीएवढं अक्षर. कंपन्यांची नावं, पुढे तीन-तीन आकडे. 'डब्बा घेऊन या, मी टाकून देतो ना.' म्हटलं गरज नाही, वाचता येतं मला.
पद्धत अशी. सेटचं बटण दाबून धरायचं. लाल दिवा स्थिर झाला की सोडायचं. तीन आकडे दाबायचे, दिवा विझतो. मग पॉवर. बॉक्स बंद पडला तर कोड बरोबर. नाही पडला तर पुढचा.
आपल्या बॉक्सवर कंपनीचं नावच नाही. छत्री बसवणाऱ्याने दिला तो घेतला होता. म्हणजे आपला बॉक्स यादीत नाही. ००१ पासून सगळे करणे आले.

७ ऑक्टो.
४६ पर्यंत झाले. प्रत्येकापुढे पेन्सिलीने फुली.
बॉक्सवरची बटणं मागेच मेली. भिंतीवरून स्विच लावला की एकच चॅनल येतं, तिथे दिवसभर सांधेदुखीचं तेल विकतात. नंदा ते बघते. बंद केलं तर छत बघते.
आज दोनतीनदा हात उचलून टीव्हीकडे केला. 'हं. हं.' म्हटलं लागेल गं बाई, मी काय झोपा काढतोय?

९ ऑक्टो.
११२. सेट धरून धरून बोट सुजलं.
दर थोड्या वेळाने नंदाचा हात पुढे. 'हं.' ८७ च्या वेळी तर अंगठा अडकवून माझी बाही ओढली, आकडा चुकला, परत पहिल्यापासून. तिचा हात धरला आणि चादरीवर ठेवला. दाबूनच ठेवला, खरं तर. 'पुरे. पाडताना नाही सुचलं?'
तिने सोडवून घ्यायला बघितलं नाही. मी सोडला तरी हात तिथेच.

११ ऑक्टो.
१७०. आज मधे मधे हात नाही. काम भराभर झालं.
पुण्याहून वैशूचा फोन. 'बाबा, मी नवीन बॉक्स पाठवते ना, कशाला आकडे दाबत बसता?' नको म्हटलं. निम्म्याहून जास्त यादी झाली. आता सोडायची म्हणजे... 'आई कशी आहे?' बरी आहे. लेकीशी खोटं बोलायला जीभ चाचरत नाही आता.

१३ ऑक्टो.
फिजिओ आले. नंदाचं मनगट उलटसुलट करून बघितलं. 'अंगठा आखडलाय. काही धरायला देत नाही का?' म्हटलं रिमोट बिघडलाय. मग चमचा द्या, चेंडू द्या, म्हणाले. हात असाच राहिला तर तोही जाईल.
चमचा दिला. तिच्या पोटावर पडून राहिला. चेंडू घरंगळत दारापर्यंत गेला, मी आणला, परत गेला. तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.
सुमनबाई (तिची आंघोळ, जेवण सगळं हीच बघते) जाताना थांबली. 'काकू घास तोंडातल्या तोंडात फिरवून राह्यल्या. काऊन असं झालं हो काका? मागल्या पंधरवड्यात तं माह्यासंगं हासत होत्या.' मी चप्पल शोधायला लागलो.

१५ ऑक्टो.
यादी संपली. शेवटचा कोड २९८. काही नाही.
कागद हातात घेऊन बसलो. सगळा फुल्यांनी भरलेला. आज कबूल करून टाकतो, निदान इथे. गेले दहा दिवस मी हे नंदासाठी करत नव्हतो. पुढ्यात यादी असली की तिच्याकडे बघावं लागत नाही. ऑफिसातही घरचं काही अवघड झालं की मी असाच रजिस्टर उघडून बसायचो. ती म्हणायची, तुमच्या रजिस्टराशी लग्न लावायला हवं होतं.
वाचा गेल्यापासून टोमणासुद्धा नाही घरात.

१६ ऑक्टो.
नाक मुठीत धरून रफीकभाईकडे. 'उद्या जुम्मा हाय. नमाज झाली की येतो घरी.'

१७ ऑक्टो., शुक्र.
आला. नवा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, कॅमेऱ्यात पांढरा ठिपका लुकलुकला. 'रिमोट तं बराबर हाय.' मग बॉक्सपुढे उकिडवा बसला. जवळ जाऊन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.
'काका, हे कुंकू कोनं लावलं?'
मी, म्हटलं. दसऱ्याचं.
'याच्या मागंच तं डब्ब्याचा डोळा राह्यते. त्याले दिसन कसं?'
काळ्या काचेवर नेमका मधोमध टिळा. ओलं हळदकुंकू, चांगलं जाड, वाळून खपली झालेली, वर दोन तांदूळ. त्याने ओल्या फडक्याने खरवडून काढलं. माझा कागद घेतला, सुरुवातीचे पाचसहा कोड टाकले. ०१४ ला बॉक्स बंद झाला. परत दाबलं, सुरू. ०१४ पुढे माझी फुली होती, पहिल्याच दिवशीची.
'जुना आना ना, तोबी चालन.'
टाकला, म्हटलं. 'अरे,' म्हणाला, आणि तोंड फिरवून पिशवी आवरायला लागला. चहालाही थांबला नाही.
नंदा दरवर्षी बॉक्सला टिळा लावायची तो वर, झाकणावर. मला आज आठवलं. तिच्या हातून रिमोट पडला नव्हता. बटणं दाबून चालेना म्हणून तिने तो कॉटवर आपटला असणार. आणि तिचा हात टीव्हीकडे नव्हता जात. थोडा खाली जात होता. काय झालंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ती मला सांगत होती, आणि मी तो हात दाबून ठेवला.
वळलो तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे.

१८ ऑक्टो.
रिमोट हातात ठेवला. बोटं मिटली नाहीत, कलंडला. परत ठेवला, परत तेच.
'चुकलं माझं, नंदा.' चौतीस वर्षांत हे वाक्य मी म्हटलं होतं का, ते आठवून पाहिलं. नाही. लाज वाटली स्वतःची. मोठ्याने म्हटलं, परत म्हटलं. ती भिंतीकडेच.
चॅनल मीच बदलतो. कीर्तन लावलं, बातम्या लावल्या. काय हवंय ते कळायला मार्ग नाही.

२१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. वैशू आलीये. पूजा तिने केली, मी कशाला हात लावला नाही.
तिने आईच्या हातात हात घालून बटण दाबून बघितलं. 'आई, बघ ना गं, लागलं.' हात सैल. मग माझ्याकडे वळली. 'बाबा, झालं काय नेमकं?'
सांगितलं. हात दाबला तेही सांगितलं. लपवून काय करू.
'तुम्ही असेच आहात,' एवढं म्हणाली आणि फराळाचं ताट घेऊन आत गेली.

२४ ऑक्टो.
फिजिओ: हाताला वेळ लागेल. काकूंनी मनावर घेतलं पाहिजे. सांगणं सोपं आहे.
वैशू म्हणते, आईला थोडे दिवस पुण्याला नेऊ का? नंदासमोरच विचारलं. मला वाटलं ती निदान मान हलवेल, हो नाहीतर नाही. काहीच नाही. ती गेली तर परत येईल असं वाटेना.

२६ ऑक्टो.
वैशू सकाळच्या गाडीने गेली. आईला नेण्याचं महिनाभराने ठरवू म्हणाली.
दुपारी कीर्तन लावून दिलं, रिमोट नंदाच्या हाताखाली ठेवला, पेपर घेऊन बसलो. वाचत नव्हतो. चारच्या सुमाराला आवाज थांबला, पडदा निळा. वाटलं, वायर निघाली. उठून बघतो तर तिचा अंगठा पॉवरच्या बटणावर.
चोवीस दिवसांनी. ओरडणार होतो आनंदाने, वैशूला फोन लावणार होतो. पण ती माझ्याकडे बघत होती. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. रागावली की ती अशीच बघायची. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की तेव्हाही अशीच.
'लावू परत?' काही नाही.
'पुण्याला जायचंय तुला?' काही नाही.
'मी बाहेर बसू का?' त्यालाही काही नाही.
मग विचारायचं थांबवलं. वही तिच्यासमोरच मांडीवर घेऊन लिहितोय. साडेचार झाले. अंगठा बटणावर तसाच आहे, आणि ती अजून बघतेय. हेही रजिस्टरच झालं; वही मिटतो.