दुसरी गाडी

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे. आईने विणलेला स्वेटर इतका अंगात असतो की आता मी त्याला घालतो की तो मला, कळत नाही. तुमचा खोकला थांबला का?

गाड्या भाड्याने द्यायचं काम ठीक चाललंय. परवा सात जणांची मित्रमंडळी आली, डोंगरात तंबू ठोकून राहणार म्हणे. तुम्ही ट्रकवर असताना सांगायचात, तेच मी सांगितलं, बर्फात एकटी गाडी नेऊ नका. दोन लहान फोर-व्हील ड्राइव्ह न्या, एक रुतली तर दुसरी ओढेल. पण त्यांना गप्पा मारत एकत्र जायचं होतं. मालक मला म्हणाला, "गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवू नकोस." एकच मोठी गाडी गेली.

ती मंडळी काल परत यायची होती. आलेली नाहीत, फोनही लागत नाही. मालकाने मला बघून यायला सांगितलंय. चाकांना साखळ्या चढवल्यात, दोरखंड मागे टाकलाय. आईला फक्त स्वेटरचं सांगा.

मी दोन्ही लहान गाड्या मागितल्या होत्या. मालक म्हणाला, "एक पुरे."

तुमचा,
धाकटा