लाल ट्रेमधल्या गोळ्या

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी ७.
ही वही शॉपच्या जुन्या रिजेक्शन रजिस्टरातली. निम्मी कोरी होती. वाया काही जाऊ द्यायचं नाही, म्हणून तर परळीहून दोन शर्ट घेऊन आलेल्या माणसाचं आज भोसरीत स्वतःचं शॉप आहे. आठ मशिनं, बावीस माणसं.

मुद्दा. तीस तारखेला राज्य स्पर्धा, रायफल, व्हेटरन गट. पन्नास मीटर, पालथं पडून, साठ गोळ्या. दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. गेल्या वर्षी ५८८, चौथा नंबर. काल प्रॅक्टिसला ५६१. म्हणजे गोळ्यांचा लॉट खराब. रायफल तीच, माणूस तोच, मग उरलं काय?

संकल्प: पाचशेच्या पाचशे गोळ्या सॉर्ट करायच्या. प्रत्येकीचं वजन आणि बुडाच्या कडेची जाडी. गाड्यांच्या कंपन्यांना सत्तावीस वर्षं पार्ट देतोय. पाचशे गोळ्या म्हणजे चहा पिता पिता.

सोमवार, ३ नोव्हेंबर.
केबिनमध्ये तीन ट्रे मांडले. हिरवा पास, पिवळा होल्ड, लाल रिजेक्ट. काम झालं की सगळं तिजोरीत. सोनाराचा काटा आणला, मिलिग्रॅम दाखवतो. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये गोळी नीट बसावी म्हणून छोटं बुश, धातूचं कडं, लेथवर स्वतः टर्न केलं. म्हणजे गेनूने केलं, मी शेजारी उभा होतो. गेनू माझा पहिला ऑपरेटर, चाकणकडचा, सव्वीस वर्षं माझ्याकडे. म्हणाला, मालक, तुमी बसा, मी करतो. हल्ली फार आदर दाखवतो. पूर्वी एवढा दाखवत नव्हता.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
१२० गोळ्या झाल्या. हिरव्या ३१, पिवळ्या २२, लाल ६७. फॉरेनचा माल म्हणून डोक्यावर घ्यायचा आणि निम्म्याहून जास्त रिजेक्ट! असा लॉट मी पाठवला असता तर कंपनीने मला गेटवर उभं केलं असतं.

काट्यावरचा आकडा ठरत नाही. नाचतो. शेजारी बारीक टकटक ऐकू येते. मोजली, सेकंदाला पाच. शेजारच्या कोंडीरामच्या शॉपमधला जुना कॉम्प्रेसर असणार. बाकी कशाची नाही पण कानांची फुशारकी मारायला मला हरकत नाही. मशिनला कान लावून, ठोके मोजून, कुठलं बेअरिंग गेलं ते मी फोनवरून सांगितलेलं आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
कोंडीरामला समजावलं. कुरकुरत का होईना, कॉम्प्रेसरखाली रबर घातलं. म्हणाला, बबनराव, वीस वर्षं तुम्हाला याचा त्रास नव्हता. मी म्हटलं, वीस वर्षं मी मिलिग्रॅममध्ये काम करत नव्हतो.
टकटक तशीच. स्वस्तातलं रबर घातलं असणार.

रविवार, ९ नोव्हेंबर. रेंजवरून आल्यावर.
फक्त हिरव्या ट्रेमधल्या गोळ्या. ५५२.
नंतर उद्धवरावांनी गंमत म्हणून माझीच रायफल घेतली. रिटायर्ड हेडमास्तर, माझ्याच गटात खेळतात. लाल ट्रेमधल्या दहा गोळ्या मारल्या. शंभरपैकी ९९.
विचार केला. लालमध्ये मी मुख्यतः जाड गोळ्या टाकल्या आहेत. उद्धवरावही जाड आहेत. काहीतरी जुळत असेल.
जाताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला, बरं आहे ना, असं विचारलं. स्पर्धेच्या आधी समोरच्याचं मन असंच हलवतात. मास्तर माणूस, सगळे डाव माहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
विजयश्री स्वयंपाकघरात फोनवर मुलीशी बोलत होती. हळू बोलत होती, पण माझे कान. आता यांच्या शर्टाची बटणंही मीच लावते, असं स्वरूपाला सांगत होती. नवराबायकोतल्या गोष्टी लेकीला सांगायच्या असतात का? लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोला हौस आहे, मी लावू देतो.

गुरुवारची चिंचवडच्या मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय म्हणे. माझ्या नावाने. अर्धशिशीचा त्रास तिचा, पण स्वतःच्या नावाने जायला लाजते. गुरुवार आपल्या एरियाचा सुट्टीचा वार, म्हणून तो निवडला. रद्द करायला सांगितली. गोळ्या १८० राहिल्यात. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

चांगली बातमी: वही पुरतेय. पहिल्या पानावर एका ओळीत आठ शब्द बसत होते, आता चौदा बसतात. काटकसर माझ्या हाडात आहे, हातातही उतरली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
सॉर्टिंग पूर्ण. लाल २८८. पुन्हा तपासल्या तर त्यातल्या शंभर हिरव्या. पुन्हा हिरवा ट्रे तपासला तर त्यातल्या साठ लाल. मायक्रोमीटर गेला, दुसरं काय.

आता शास्त्रशुद्ध. कंपनीचा ऑडिटर येतो तेव्हा आम्ही करतो तीच परीक्षा. माल मोजायच्या आधी मोजणारा मोजायचा. दहा गोळ्यांवर नंबर टाकायचे, तीन माणसांनी प्रत्येक गोळी तीन-तीनदा मोजायची, आधीचा आकडा न बघता. मी, गेनू आणि क्वालिटीचा सुजित. सुजित म्हणाला, सर, तुम्ही नका बसू, आम्ही दोघं करतो. मी म्हटलं, ऑपरेटर ए मीच. मालकाने पळ काढला असं नको व्हायला.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
शीट आली.
गेनू आणि सुजित: आकड्याला आकडा. दोन मायक्रॉनचा फरक.
मी: सात नंबरची गोळी एकदा हिरवी, एकदा पिवळी, एकदा लाल.
शेवटी रकाना असतो, ‘फरकाचं मूळ’. पार्ट, मोजायचं गेज की मोजणारा ऑपरेटर, त्यातलं एक लिहायचं. सुजितने रिकामा सोडला. झापला त्याला. ऑडिटला रिकामा रकाना चालतो का? खाली मान घालून म्हणाला, नंतर भरतो सर.

माझं मत: मी पहिल्यांदा मोजल्या, तेव्हा गोळ्या थंड होत्या. त्या दोघांच्या हाती आल्या तोवर तापून सरळ झाल्या.

संध्याकाळी ते दोघं गोडाऊनमागे. मी खिडकीत. गेनू सांगत होता. “ज्या हातानं मला मायक्रोमीटर धराया शिकवलं, त्या हाताचं त्यांना मीच सांगू व्हय? न्हाई जमायचं, भावा.”
पगारवाढीचं प्रकरण दिसतंय. सरळ येऊन मागायला लाजतात. दिवाळीलाच द्यायला हवी होती. डिसेंबरपासून दोघांनाही हजार.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी ११. केबिनमध्ये एकटा.
सुट्टीचा वार मुद्दाम निवडला. सगळी एमआयडीसी बंद. कोंडीरामचं शटर खाली, कॉम्प्रेसर मेलेला. कोपऱ्यावरची चहाची टपरीही बंद. आज गोळ्यांचं खरं वजन कळणार.

सात नंबरची गोळी काट्यावर. आकडा नाचतो.
टकटक आहे.

११.१५. पंखा बंद केला. आहे.
११.२०. ट्यूब बंद केली. आहे.
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. ते सेकंदाला एकच ठोका देतं, तरीही काढला. आहे.
मेन स्विच पाडला. काटा सेलवर चालतो. आकडा नाचतो. आहे.

११.३०. टेबलाच्या पत्र्याला कान लावला, मशिनच्या स्पिंडलला लावतो तसा. जवळ आहे, फार जवळ. उजवीकडून येतेय. सेकंदाला पाच, एकही ठोका कमी-जास्त नाही.
घाम पुसायला उजवा हात उचलला.
थांबली.
हात खाली ठेवला. काही नाही. ठेवूनच दिला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.
पोवळ्याची अंगठी. दुसरं मशिन घेतलं तेव्हा ज्योतिषाने घालायला लावली होती. पत्र्यावर वाजत होती.
अंगठी काढली. आवाज गेला. हाताकडे बघत बसलो. त्याचं आवाजाशिवाय चालूच होतं.
बेअरिंग असतं तर बदललं असतं.

१२.१०. विजयश्रीला फोन केला. डॉक्टरांची वेळ पुन्हा मिळेल का विचारलं. ती म्हणाली, “घेऊनच ठेवलीय. दर गुरुवारची घेते आणि दर गुरुवारी रद्द करते.”
तिची अर्धशिशी तर नाहीच म्हणे. कधी नव्हतीच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.
काल संध्याकाळी डॉक्टरांनी व्हरांड्यात चालायला लावलं. अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. कॉफीच्या पुडीचा वास घ्यायला लावला. नाकाला काही लागलं नाही. पुडी शिळी असेल म्हटलं. विजयश्रीने पुडी घेतली, हुंगली आणि खाली ठेवली.
मग कागद दिला, कुठलंही एक वाक्य लिहा म्हणाले. मी लिहिलं, लॉट चांगला आहे.
डॉक्टर कागद जवळ घेऊन बघत राहिले. अक्षर इतकं बारीक कधीपासून? मी काटकसरीचं सांगितलं. लोक हसतात त्यावर. ते हसले नाहीत. विजयश्री खिडकीबाहेर बघत होती.
आजाराचं नाव इंग्रजी आहे. औषध आहे, दुरुस्ती नाही. इथे नाव लिहीत नाही, ओळ संपली.

रविवार, ३० नोव्हेंबर.
स्पर्धा आज. मी गेलो नाही. उद्धवरावांचा फोन आला, ५८१. माझं विचारलं नाही, हवेबद्दल बोलले.
तिन्ही ट्रे एका डब्यात ओतले. पास, होल्ड, रिजेक्ट, सगळं एकत्र. सुजितला आणि गेनूला वाढीचं सांगितलं. दोघंही माझ्याकडे बघेनात. गेनू म्हणाला, मालक, पैशाचं कोण बोललं व्हतं.
शीट काढली. सुजितने सोडलेला रकाना भरला. एकच शब्द. त्या चौकोनात बसायला त्रास झाला नाही.
सकाळी विजयश्रीने शर्टाची बटणं लावली. वरचं राहिलं होतं. मीच सांगितलं, तेही लाव.