कोकणात जाऊ दे

२२ मे

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा! झालं, आता दहा दिवस डोकं खाणार. टीव्हीवरची मुलगी नकाशासमोर हात फिरवून सांगतेय, वादळ ओमानकडे जाणार. कशावरून? अजून धड ढग जमले नाहीत. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पर्जन्यमापक वाचला. रोज सकाळी साडेआठला. बाटलीत जेवढं पाणी, तेवढंच वहीत. एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नाही. यांना लाज कशाचीच नाही.

२३ मे

ओमान नाही, गुजरात. कालच्या थापेबद्दल चकार शब्द नाही.

२४ मे

सकाळी रोहिदास आला, माझा पुतण्या. त्याने कांदा काढून वावरातच ढीग लावलेत, वर पात टाकलीय. कांदा साठवायची चाळ अजून बांधून व्हायचीय. वादळाचं काय म्हणून विचारायला आला. साऱ्या केंदूर गावाला वाटतं, मी पाऊस मोजायचो म्हणजे मला तो येण्याआधी कळवून येतो. म्हटलं, गुजरात म्हणतायत, पण वळून कोकणात घुसू शकतं.

तर हा हसला. “जाऊ दे की मंग कोकणात. आपला कांदा तरी वाचल.”

चहा पिऊन, मिशा पुसून गेला. त्याचा उष्टा कप उचलायचीही किळस आली. माझ्या लेकीला, सायलीला, खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा हाच. कोकणात कोण राहतं, विसरला?

२५ मे

ही वही कोण वाचतंय! लिहूनच टाकतो.

माझी सायली श्रीवर्धनच्या बाजूला असते. रांजणगावला कंपनीत होती, तिथं तो भेटला. कोळ्याचा मुलगा. आम्हाला न विचारता लग्न केलं आणि नोकऱ्या सोडून दोघं त्याच्या गावी गेली. तो होडीवर जातो म्हणे. घर समुद्रापासून किती लांब, विटांचं की कुडाचं, मला काही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी सगळी भावकी जमवून मीच सांगितलं होतं — या घरात तिचं नाव काढायचं नाही. काढेल त्याने पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्जेरावने तर पाठ थोपटली.

आता मी तिचा नंबर कुणाला मागू?

२६ मे

गुजरात रद्द. रत्नागिरी ते अलिबाग कुठेही धडकेल म्हणतात. कुठेही! एवढा मोठा किनारा, आणि बोट ठेवायला यांना जागा सापडत नाही. मोबाइलवर आणखी एक शहाणा आहे, तो मुंग्यांची रांग बघून सांगतो. त्याला चार लाख लोक बघतात. मी तीनदा बघितला.

बायको पुन्हा दौंडजवळ भांडगावला निघाली. या महिन्यातली तिसरी खेप. तिच्या बहिणीला, नकुशीला, बरं नाही. बातम्या चालू असताना ही शांतपणे पिशवी भरत होती. टीव्हीवर श्रीवर्धनचं नाव आलं, मी मुद्दाम आवाज वाढवला. हिने मान वर केली नाही. “आवाज कमी करा, डोकं दुखतंय,” एवढंच. आईचं काळीज म्हणतात ते हेच का? दोन वर्षांत आटलं सगळं? मी बाप असून घास गिळवत नाही आणि ही गूळ-खोबरं बांधून घेतेय. बसवर सोडायला गेलो नाही.

२७ मे

सकाळी — वादळ समुद्रातच विरणार. देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी — विरणार नाही. जोर वाढला.

२८ मे

उद्या दुपारी श्रीवर्धनच्या आसपास. आता सगळे एकच बोलतायत, म्हणजे खरं असणार.

सर्जेराव येऊन गेला. माझा चुलतभाऊ, सोसायटीचा चेअरमन. परवा त्याच्या नातीचं लग्न, पटांगणात मोठा मांडव घातलाय. मला म्हणतो, तू शब्द दे, पाऊस न्हाई म्हणून. मी काय इंद्राच्या दरबारी कामाला आहे? कोकणात धडकणार ऐकलं आणि याचा चेहरा खुलला. मिटलं म्हणाला. जाताना पानाची पिचकारी माझ्याच उंबऱ्याजवळ.

माझ्या तोंडावर बोलतात! माझी पोर तिथं आहे आणि एकालाही जीभ चावावीशी वाटत नाही. नाव काढू नका म्हटलं होतं, ती मेली असं समजा नव्हतं म्हटलं. अशी माणसं मी आपली म्हणत आलो. शिसारी येते.

२९ मे

दोन वाजता धडकलं. टीव्हीवर माडाची झाडं जमिनीला टेकलेली. पत्रे कागदासारखे उडतायत. एका घरावर झाड पडलेलं दाखवलं, दारात एक बाई उभी, पाठमोरी. मी टीव्हीजवळ जाऊन बघितलं. ती सायली नव्हती. सायली उंच आहे.

सहा वाजता नवीनच. वादळ घाट चढून पुण्याच्या पूर्वेला सरकतंय, शिरूर-दौंडला मुसळधार, वाऱ्याचा जोर दौंडकडे जास्त. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? येऊ दे इकडेच! भिजू दे रोहिदासचा कांदा, उडू दे सर्जेरावचा मांडव. जेवढं इकडे येईल तेवढं तिकडे कमी. असं नसतं, मला चांगलं ठाऊक आहे, तरी अंगणात उभा राहून मी वाऱ्याला ये ये म्हणत होतो. म्हातारपणी माणूस किती नीच होऊ शकतो!

३० मे

साडेआठला गच्चीवरच्या माझ्या पर्जन्यमापकाची बाटली वाचली. चौऱ्याऐंशी मिलिमीटर. रोहिदासचे ढीग चिखलात बसले. मांडव आडवा, लग्न शाळेत लावलं. मी गेलो नाही. कालचा आनंद आज घशाशी येतोय.

कपडे पिशवीत घातले आणि शिरूर स्टँडवर गेलो. म्हटलं, पुणे गाठू, तिथून मिळेल ती गाडी. मानापमान गेला खड्ड्यात. कंट्रोलरने सांगितलं, घाटात झाडं पडलीत, कोकणच्या गाड्या बंद. कधी सुरू होतील? “आप्पा, आमालाच कुणी सांगंना.” बाकावर दोन तास बसून राहिलो. बाजूला एक जण मोबाइलवर वादळाचे व्हिडिओ बघत हसत होता.

शेवटी बायकोला फोन लावला. दोन वर्षांनी त्या नावाचा उच्चार केला. म्हटलं, सायलीचा नंबर दे, मी तिला आणायला निघालोय.  ती म्हणाली, “कोकणात जाऊ नका. हिकडं दौंडला या, दवाखान्यात.”

म्हणजे पोटच्या पोरीपेक्षा बहिणीचं दुखणं मोठं! फोन आपटला. तरी उद्या जातो. तोंडावर थुंकायला का होईना, जातो.

३१ मे

दौंड. दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितोय.

सायली कोकणात नव्हतीच. दहा मेपासून भांडगावात होती, नकुशीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर मी बंद केलेलं, म्हणून मावशीकडे. तिला जीपने आणून सोडलं रोहिदासने. डॉक्टर बघून दिला सर्जेरावने. जावई होडी वर ओढून ठेवून आठवड्यापूर्वीच आलाय. भावकीत एकूण एक माणसाला ठाऊक होतं. परवाच्या वाऱ्यात नकुशीच्या घराचे पत्रे उडाले, पोर भर पावसात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून इथवर आली. आज पहाटे मुलगी झाली.

बायको म्हणाली, “तुमाला सांगायचं कसं, ह्योच सगळ्यांना घोर पडला व्हता.”

अजून आत गेलो नाही.