आप्पांची करडी छटा

गिरगाव

ती. इरावतीताईस धाकट्या वसंताचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भूक लागते ना? जिना चढताना दम लागत नाही ना? (हसू नकोस, कारण पुढे कळेल.) फोन केला नाही, कारण आपल्या दोघांच्या फोनवर मृणालिनीच जास्त बोलते.

तर, भिंतीवरचे आपले सगळे गेलेले लोक ओल लागून खराब झाले, म्हणून मी फोटोंचा प्रिंटर आणला. सगळे एका मापाचे, एका छटेचे काळेपांढरे करायचे, एवढीच साधी इच्छा. पण हा मेला काळ्यापांढऱ्यातही गुपचूप सगळ्या रंगांच्या शाया कालवतो. ट्यूबलाइटखाली सभ्य दिसणारे आप्पा गॅलरीत उन्हात नेले की हिरवे पडायचे. आई जांभळी. आजोबांना तर कावीळच. मृणालिनी म्हणाली, "अहो, जिवंतपणी यांचं कधी एकमत झालं नाही, आता कागदावर कशाला करताय?"

मी हट्टाला पेटलो. कागद बदलला, नोझल साफ केले, रंगीत शाया साफ बंद केल्या, आणि एकदाचे सगळे एकसारखे आले. स्वच्छ, थंड करडे. मग हौसेने त्याच सेटिंगवर माझा फोटो छापला, तर गुलाबी! मृणालिनीचाही गुलाबी. चाळीतले जे जे हौशी आले, ते सगळे गुलाबी. (नुसत्या काळ्या शाईतून गुलाबी कुठून येतो, हे दुकानदारालाही सांगता येईना.)

फक्त शेजारच्या रामदासांचा करडा आला, अगदी आप्पांसारखा. "आपलाच बेस्ट आलाय, वसंतराव," म्हणत ते खुशीत घेऊन गेले. त्याच आठवड्यात त्याच फोटोला हार घालायची वेळ आली. भेटायला गेलो, तर त्यांच्या सुनेने छपाईचं कौतुक केलं. ताई, मी तसाच घरी आलो आणि आधी प्रिंटरचा प्लग काढला.

तेव्हापासून प्रिंटरवर चादर टाकून ठेवली होती. (मृणालिनी त्यावर पापड वाळवते.) काल ती काढली, कारण तुझी फार काळजी वाटायला लागली.

तब्येतीला जप.

तुझा,
वसंता

ता. क. : घाबरू नकोस. हळदीकुंकवातला तुझा फोटो छापला. गालांपासून पदरापर्यंत गुलाबी! मी जरा रडलोच.

आणखी एक : लगोलग माझाही पुन्हा छापला. मृणालिनीला दाखवला नाही. ती म्हणेल, नोझल तुंबलं. तसंच असेल. आज उन्हात नेऊन आप्पांशेजारी धरून पाहिला, छटा तंतोतंत जुळते. ताई, भाऊबीजेपर्यंत थांबू नकोस. या रविवारीच ओवाळायला ये.